गाडीची शाकारणी

आईचा फोन आला तेव्हा मी भांडी घासायच्या तारेच्या घासणीचा बोळा गाडीच्या सायलेन्सरमध्ये कोंबत होतो. रत्नागिरीत रात्रीचे साडेनऊ, इथे दुपारचे बारा. फोन रंगाच्या डब्याला टेकवून ठेवला होता, त्यामुळे तिला आधी गॅरेजचं छत दिसलं, मग माझा कान, मग गाडीचं बूड.

"काय करतोयस रे?"

"गाडी झोपवतोय. आता एप्रिलपर्यंत बाहेर काढायची नाही."

"बिघडली का?"

"छे, उत्तम चालते."

"मग?"

आईच्या ह्या 'मग'ला मी आयुष्यात कधी धड उत्तर देऊ शकलेलो नाही. चालती गाडी आपणहून सहा महिने बंद ठेवायची, हे तिला पटण्यासारखं नव्हतंच. आमच्याकडे गाड्या बंद पडायच्या. बंद ठेवायची चैन कुणाला होती?

"आणि हातात काय ते?"

"घासणी. सायलेन्सरला बोळा घालतोय. उंदीर शिरू नयेत म्हणून."

पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं रेंज गेली. मग आवाज आला, "अमेरिकेत उंदीर असतात?" त्या प्रश्नात तीस वर्षांचा हिशेब होता. पोरगा एवढा लांब गेला, घर सोडलं, आंबा सोडला, आणि शेवटी तिथेही उंदीरच.

मी तिला सगळं सांगितलं. बर्फ, मीठ, पेट्रोल, बॅटरी, वरून घालायची खोळ. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे शाकारतोयस म्हण की सरळ. केवढं ते सांगतोस." आणि जेवलास का, हे विचारून फोन ठेवला.

मी बोळा हातात धरून तसाच उकिडवा बसलो. नऊ वर्षं मी हे काम करतोय आणि नऊ वर्षं त्याला मराठी शब्द शोधतोय. 'हिवाळी साठवण' म्हणून पाहिलं, तर ते शीतगृहातल्या बटाट्यांसारखं वाटायला लागलं. शब्द आईकडे होता, आणि तो तिने जेवणाच्या चौकशीआधी सहज टाकून दिला.

कोकणात मिरगाच्या आधी घर शाकारतात. कौलं उतरवायची, फुटकी बदलायची, पावसाच्या अंगाला पडवीला माडाची झापं बांधायची. भाट्याच्या खाडीकडे गेलं की होड्याही शाकारलेल्या दिसायच्या. पाण्यातून वर ओढून घेतलेल्या, खाली लाकडाचे ओंडके, वर झापांचं छप्पर, आणि हल्ली हल्ली निळं प्लास्टिक. सरकारी मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै. जुना रिवाज मात्र नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देईपर्यंत थांबायचा. आणि हे आठवताना मला आणखी एक गोष्ट आठवली, आणि आमच्या घराण्याबद्दलचं माझं वरचं विधान मागे घ्यावं लागलं. बाबांची सायकल. मिरीग लागला की बाबा सायकल फडक्याने पुसायचे, चेनला तेल द्यायचे, रिमांनाही तेलाचं बोट फिरवायचे (त्यामुळे दसऱ्यानंतर आठवडाभर ब्रेक लागायचा नाही, ते पायाने थांबवायचे), आणि ती पडवीच्या वाशाला उलटी टांगायचे. चार महिने छत्री घेऊन कचेरीत चालत. खाऱ्या वाऱ्याने आमच्या खिडकीचे गजसुद्धा पोपडे धरायचे, तिथे सायकलीचा काय पाड.

तेव्हा मी जे करतोय ते पिढीजात आहे. फक्त टांगायच्या ऐवजी जमिनीवर आणि पावसाच्या ऐवजी बर्फासाठी.

गाडीबद्दल थोडं सांगायला हवं. १९९२ सालची लाल माझ्दा मियाटा. दोन माणसांची, छप्पर हाताने मागे टाकता येणारी, वजनाला जेमतेम हजार किलो. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा जगापुढे आली. मी तेव्हा रत्नागिरीत होतो आणि माझ्या मालकीचं सर्वांत वेगवान वाहन म्हणजे स्लिपर होत्या. पन्नाशी उलटल्यावर मी ती जुनी घेतली. सौ. म्हणाली, "चार माणसांच्या घरात दोन माणसांची गाडी. उरलेल्या दोघांनी काय धावायचं?" मुलं तेव्हा कॉलेजात होती, त्यांना आमच्याबरोबर कुठे जायचंच नव्हतं, हा मुद्दा मी मांडला. तो मंजूर झाला नाही, पण गाडी आली. हिरोशिमात बनलेली गाडी, रत्नागिरीचा मालक आणि डेट्रॉईटच्या उपनगरातलं गॅरेज.

डेट्रॉईटमध्ये जपानी गाडीची पूजा करायची म्हणजे कोल्हापुरात जाऊन मिसळ गोड मागण्यासारखं आहे. आमच्या शेजारचे आजोबा (मुलं लहानपणापासून त्यांना आजोबा म्हणतात, आम्हीही आपसांत तेच म्हणतो) चौतीस वर्षं इथल्या मोटारीच्या कारखान्यात जोडणीच्या रांगेवर उभे राहिलेले. गाडी आली त्या दिवशी ते कुंपणापाशी आले, एक फेरी मारली, टायरला बुटाने हलकेच टोचलं आणि म्हणाले, "लहान आहे, पण वळण चांगलं आहे." मला वाटलं गाडीच्या ठेवणीबद्दल बोलतायत. नंतर लक्षात आलं, रस्त्यावर वळण कसं घेते त्याबद्दल बोलत होते. काही असो, तेव्हापासून ते ह्या विषयातले माझे गुरू.

आता मिठाचं.

लहानपणी मे महिन्यात घरी आईस्क्रीमचा पॉट यायचा. मधल्या डब्यात आटवलेलं दूध आणि आंब्याचा रस, भोवती बर्फ, आणि बर्फावर खडेमीठ. आम्ही भावंडं आळीपाळीने दांडा फिरवायचो आणि पॉटच्या बुडातून खारट पाणी गळायचं. मिठाने बर्फ वितळतो, पण ते खारं पाणी शून्याच्या खाली गेलं तरी पाणीच राहतं, आणि त्या थंडीने आतलं दूध घट्ट होतं. नेमकी हीच युक्ती मिशिगनमध्ये रस्त्यांवर करतात. बर्फ पडणार अशी बातमी आली की पिवळे दिवे लावलेले ट्रक निघतात आणि मागच्या चकतीतून खडेमीठ भिरकावत जातात. रस्ता काळा राहतो, गाड्या घसरत नाहीत, लोक मरत नाहीत. तक्रार करायला जागा नाही. फक्त त्या पॉटच्या मधल्या डब्यात आंब्याचं आईस्क्रीम नसतं, माझी गाडी असते. ते खारं पाणी पत्र्याच्या प्रत्येक सांध्यात शिरतं, आणि चार-पाच हिवाळ्यांत दाराखालची पट्टी बोट लावलं तर पापडासारखी मोडते.

आणि हे मीठ येतं कुठून? ह्याच शहराच्या पोटातून. डेट्रॉईटच्या खाली सुमारे बाराशे फुटांवर मिठाची खाण आहे. १९१० साली तिची विहीर पुरी झाली. आज ती पंधराशे एकरांवर पसरलेली आहे आणि आत शंभर मैलांहून जास्त लांबीचे रस्ते आहेत, पांढऱ्या भिंतींचे. खाली चालणारी अवजड यंत्रं अख्खी उतरवता येत नाहीत म्हणून सुटे भाग करून नेतात आणि तिथेच जोडतात. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी बराच वेळ हसत होतो. वर ज्या शहराने जगाला मोटार विकायला शिकवलं, त्याच्याच तळघरात ती मोटार खाणारं मीठ. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. इथे मीठच खातं, आणि ते कुणाला जागत नाही.

दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी इथे वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, १९९५ पासून. हजारो गाड्या रस्त्याने नुसत्या इकडून तिकडे जातात. लोक कडेला खुर्च्या टाकून बसतात, जशी आपल्याकडे पालखी बघायला बसतात. मला पहिल्या वर्षी प्रश्न पडला होता, ह्या एवढ्या चकचकीत म्हाताऱ्या जानेवारीत असतात कुठे? उत्तर असं, की त्या सगळ्या कुणाच्या ना कुणाच्या गॅरेजात खोळीखाली झोपलेल्या असतात. हिवाळ्यात इथल्या कुठल्याही गल्लीतून चालत जा, दर आठ-दहा दारांआड एक तरी गाढ झोपेत आहे, असं धरून चालावं.

कामाला सुरुवात आंघोळीने. वरची आंघोळ कुणीही घालेल. खरी आंघोळ चाकांच्या खोबणींत आणि पोटाखाली, पाण्याची नळी आडवी घालून. मग वीसेक मिनिटं फिरवून वाळवायची, कारण ओल्या अंगाने झोपलं की दुखणं येतं, हे माणसालाही लागू आहे. मग मेण. पॉलिश हा शब्द मी मुद्दाम टाळतो, सौ.ला तिच्या चांदीच्या भांड्यांची आठवण होते आणि तारीख नेमकी दिवाळीच्या आसपासची असते.

पेट्रोलला इथे गॅस म्हणतात. 'गॅस भरून आलो' म्हटलं की आईला सिलिंडर दिसतो. झोपवायच्या आधी टाकी काठोकाठ भरायची. मला आधी वाटायचं रिकामी करावी, जसं घर बंद करताना दूध संपवतो. पण पेट्रोलचा न्याय वेगळा. रिकाम्या टाकीत हवा राहते, हवेत दमटपणा असतो, थंडीत त्याचं पाणी होऊन टाकीच्या भिंतीवर साचतं. शिवाय इथल्या पेट्रोलमध्ये साधारण दहा टक्के इथेनॉल असतं. आपल्याकडे बरंचसं उसाचं, इकडे मक्याचं. हे इथेनॉल पाण्याला सोडत नाही. पाणी जास्त झालं की पेट्रोलशी काडीमोड घेऊन दोघंही टाकीच्या तळाशी जाऊन बसतात. म्हणून टाकी पूर्ण भरायची, आणि वर एक औषध मिळतं ते मापाने ओतायचं. त्याने पेट्रोल शिळं होत नाही. औषध घातल्यावर दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवायची, म्हणजे ते नळ्यांतून थेट इंजिनापर्यंत पोचतं. आजोबा म्हणतात, "औषध बाटलीत असून उपयोग नाही, पोटात गेलं पाहिजे." हे वाक्य त्यांचे आणि माझे डॉक्टर, दोघेही म्हणतात.

इंजिन ऑइल बदलायचं तेही झोपायच्या आधी. बऱ्याच जणांना हे उलटं वाटतं. उन्हाळा येईल तेव्हा ताजं घालू, आता कशाला? पण वापरलेल्या तेलात जळणाचा कचरा, आम्ल आणि ओल असते. ते सहा महिने आत ठेवणं म्हणजे पितळेच्या भांड्यात ताक घालून गावाला जाणं.

हे मी आईला सांगत होतो तेव्हा तिने मला थांबवलं. "कार्तिकीला देव उठतात. आषाढीला झोपलेला पांडुरंग तेव्हा जागा होतो. आणि तू नेमकं तेव्हा झोपवतोस?" मी म्हटलं, इथे चातुर्मास उशिरा लागतो आणि चारऐवजी साडेपाच महिने चालतो. "उलटंच सगळं तुमचं," ती म्हणाली. पण मला तेव्हा पंढरपूरची प्रक्षाळपूजा आठवली. वारीच्या दिवसांत देवाचा पलंग काढून ठेवतात. विठोबा रात्रंदिवस उभा, भक्त रात्रंदिवस येतायत. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, देवाला न्हाऊमाखू घालतात, शिणवटा जावा म्हणून काढ्याचा नैवेद्य दाखवतात, आणि मग पलंग परत येतो. ज्यांनी हे ठरवलं त्यांना माहीत होतं की खूप उभं राहिल्यावर नुसतं 'जा, झोप' म्हणून भागत नाही. आधी न्हाऊ घालावं लागतं, पोटात काहीतरी चांगलं जावं लागतं. मी त्या दिवशी साडेतीन लिटर ताजं तेल ओतताना मनातल्या मनात काढाच ओतला. कुणाला सांगितलं नाही. आता सांगतोय.

ह्या गाडीची बॅटरी पुढे नाही, मागे डिकीत उजव्या कोपऱ्यात असते. पहिल्या वर्षी मी बॉनेट उघडून पाव तास ती शोधत होतो. कुंपणापलीकडून आजोबा बघत होते आणि एक अक्षर बोलले नाहीत. चौतीस वर्षांची शिस्त. बॅटरीचं गणित मात्र मला फार आवडलं. भरलेली बॅटरी उणे पन्नासालाही गोठत नाही. उतरलेली असेल तर उणे दहाच्या आसपासच आतलं पाणी गोठून ती फुटू शकते. म्हणून तिला एक छोटा चार्जर लावून ठेवायचा. मोठा नाही, मोठा तिला उकळून टाकेल. हा लहान असतो, थेंबथेंब देतो, भरली की थांबतो, उतरली की पुन्हा देतो. त्याला एक दिवा असतो. लाल म्हणजे भुकेली, हिरवा म्हणजे तृप्त.

आणि डोळे. ह्या गाडीचे पुढचे दिवे बॉनेटमध्ये मिटून असतात, बटण दाबलं की बेडकाच्या डोळ्यांसारखे टुणकन वर येतात. त्या पहिल्या वर्षी चार्जर नव्हता म्हणून मी बॅटरीच काढून घरात आणली होती. काढायच्या आधी दिवे मिटायचे, हे मला सुचलं नाही. खोळ घातली तर पुढे दोन टेंगळं. म्हटलं असू दे. सगळा हिवाळा ती गाडी खोळीखाली टक्क डोळे उघडे ठेवून पडली होती. सौ. फ्रीजरमधून मटार आणायला गॅरेजात जायची आणि परत येऊन म्हणायची, "अहो, ती बघते." आता सगळ्यांत आधी डोळे मिटतो. बटण दाबल्यावर खालून मोटरचा 'घूं' असा आवाज येतो आणि दोन्ही झाकणं एकाच वेळी, अगदी सावकाश, खाली बसतात. हा क्षण मी घाईने उरकत नाही.

टायरात नेहमीपेक्षा आठ-दहा पौंड जास्त हवा. एकाच जागी उभं राहून टायरला तळ पडतो आणि वसंतात पहिले काही मैल गाडी टांग्यासारखी चालते. खाली जुनी सतरंजी घडी करून घालतो. हँडब्रेक लावायचा नाही! हे उद्गारचिन्ह अनुभवाचं आहे. पहिल्या वर्षी मी सवयीने खेचून ठेवला, ओल धरली, ब्रेकची पॅडं मागच्या चकत्यांना चिकटून बसली, आणि एप्रिलमध्ये गाडीने जागचं हलायला साफ नकार दिला. शेवटी आजोबांनी लाकडाचा ठोकळा लावून हातोडीचा एक मोजका घाव घातला. ठक्क. सुटली. आता चाकांना लाकडाच्या पाचरी लावतो, जशा होडीखाली.

उंदरांचा भाग मी लांबवणार आहे, कारण तो त्या लायकीचा विषय आहे.

मिशिगनचा उंदीर थंडी पडली की घर शोधतो, आणि गाडीइतकं चांगलं घर त्याला मिळत नाही. कोरडं, बंद, मऊ गादीचं, भाडं नाही. हवेच्या फिल्टरचा डबा म्हणजे त्याची माडी, सायलेन्सर म्हणजे बोळ. दुसऱ्या वर्षी वसंतात मी फिल्टरचा डबा उघडला तर आत घरटं. सुबक, गोल, मऊ. जवळून बघितलं तर कागदाच्या कपट्यांवर मराठी अक्षरं. गॅरेजात एका खोक्यात मी जुने दिवाळी अंक जपून ठेवले होते, वाचू म्हणून. ते वाचणारा पहिला प्राणी हा. एका कपट्यावर 'अंतर्मुख' एवढाच शब्द शिल्लक होता. घरट्याच्या मध्यभागी तीन शेंगदाणे, तळलेले, हळद लागलेले. म्हणजे चिवडाही पोचला होता. दिवाळी अंक आणि फराळ, अशी उत्तम सोय असताना तो कशाला जाईल?

मग उपाय. ह्या बाबतीत मिशिगनमध्ये जितकी माणसं तितकी मतं. कुणी पुदिन्याच्या तेलाचे बोळे ठेवतात. कुणी कपडे वाळवायच्या यंत्रातले सुवासिक कागद सीटखाली पसरतात; आजोबांच्या मते त्यावर उंदीर अंथरूण करतात. मी तिसऱ्या वर्षी सौ.च्या ट्रंकेतल्या डांबराच्या गोळ्या पळवल्या आणि गाडीत ठेवल्या. मूठभर. उंदीर आले नाहीत हे खरं. पण त्या वर्षी महाराष्ट्र मंडळाच्या पाडव्याला आम्ही तिच्यातून गेलो, आणि उतरल्यावर एक बाई सौ.ला म्हणाल्या, "कुठली पैठणी काढलीस गं आज?" सौ. जीन्समध्ये होती. जुलैपर्यंत गाडीला आजीच्या ट्रंकेचा वास येत होता. छप्पर उघडून साठ मैलांच्या वेगाने जातानासुद्धा. खरं सांगायचं तर मला तो वास आवडायचा, पण तो श्वासातून पोटात जाणं बरं नव्हे, म्हणून सोडला.

आता तारेची घासणी. उंदराला ती कुरतडता येत नाही. एक सायलेन्सरला, एक हवा आत घेणाऱ्या नळीच्या तोंडाला. आणि खोक्यातले दिवाळी अंक घरात, कपाटात. तिथे ते मीही वाचत नाही.

बोळ्याचा धोका एकच, तो काढायला विसरणं. चौथ्या वर्षी विसरलो. चावी फिरवली, इंजिन एकदा गुरगुरलं, मग मागून 'फट्' असा आवाज झाला आणि घासणी तोफेच्या गोळ्यासारखी सुटून समोरच्या घराच्या हिरवळीवर पडली. त्या घरातल्या कुत्र्याने ती हुंगली आणि मला दिवसभर माफ केलं नाही. तेव्हापासून स्टिअरिंगला दोऱ्याने पुठ्ठ्याचा तुकडा बांधतो. त्यावर सौ.च्या अक्षरात लिहिलेलं असतं: बोळे दोन. पाचर दोन. चार्जर. हवा कमी. शेवटची ओळ दर वर्षी वेगळी असते आणि मला ती एप्रिलपर्यंत वाचायची बंदी असते. गेल्या वर्षी होतं, 'आधी चहा.'

छप्पर लावूनच ठेवायचं, दुमडून नाही. मागची खिडकी काचेची नाही, प्लास्टिकची आहे, चेनने उघडणारी. थंडीत दुमडली की तडकते. वरून सुती खोळ, हवा जाणारी. प्लास्टिक घालायचं नाही, आत घाम धरतो. इथे आमची भाट्याच्या होड्यांशी फारकत होते, त्यांना वरून पाऊस झेलायचा असतो.

इतकं करूनही जानेवारीत हात शिवशिवतात. एका रविवारी बाहेर उणे अठरा, गॅरेजात थोडं कमी भयंकर. मी स्वेटरावर जाकीट, जाकिटावर शाल असा जाऊन खोळीचा एक कोपरा उचलून आत बसलो. चावी लावली. नुसतं पाच मिनिटं चालू करून बघू, तिलाही बरं वाटेल. तेवढ्यात गॅरेजच्या दाराशी आजोबा, बर्फ ओढायचं फावडं घेऊन. त्यांनी मान हलवली. मग समजावून सांगितलं. पेट्रोल जळलं की पाणी तयार होतं. गाडी नीट तापली तर ते वाफ होऊन बाहेर जातं. पाच मिनिटांत काही तापत नाही. पाणी सायलेन्सरात आणि तेलात साचून राहतं, आणि आतून गंज धरतो. "झोपलेल्याला अर्धवट उठवू नकोस," ते म्हणाले. "एक तर उठव आणि तासभर फिरवून आण, नाहीतर हात लावू नकोस." बाहेर रस्ता मिठाने पांढरा झाला होता. मी चावी काढली. ते दुसऱ्या दाराने आत येऊन शेजारच्या सीटवर बसले. अंधारात, खोळीखाली, दोन म्हातारे, चावी न लावलेल्या गाडीत. त्यांनी त्यांच्या पहिल्या गाडीबद्दल सांगितलं. मी बाबांच्या सायकलीबद्दल. सायकल वाशाला उलटी टांगायचे, हे त्यांना फार पटलं. तेलाचा थेंब चेनवरून खाली न गळता आत मुरत असणार, असं त्यांचं मत पडलं. मला हे कधी सुचलं नव्हतं. बाबांना सुचलं होतं की जागा नव्हती म्हणून टांगायचे, हे विचारायला आता उशीर झाला आहे.

सौ.ने दार उघडून पाहिलं तेव्हा खोळीखालून दोन आवाज येत होते. तिने दार पुन्हा लावून घेतलं आणि वीस मिनिटांनी चहा झाल्याची हाक मारली.

परवा संक्रांतीला आईचा फोन आला. तिळगुळाचं बोलणं झाल्यावर तिने विचारलं, "उंदीर?"

"नाही आले."

"आणि देव?"

"झोपलेत. एप्रिलमध्ये उठतील. रस्त्यावरचं मीठ धुवून जाईल असे दोन मोठे पाऊस पडायला हवेत आधी."

"पावसाची वाट बघ मग," ती म्हणाली. "आपल्याकडे पाऊस आला की होड्या वर घेतात, तुझ्याकडे पाऊस झाला की खाली सोडायच्या."

फोन ठेवून मी गॅरेजात डोकावलो. खोळ नीट आहे. पुढे टेंगळं नाहीत. चार्जरचा दिवा हिरवा आहे.